दारची जास्वंद, परसातली अंबाडी: कोणतं झाड कशासाठी आणि कसं वापरायचं

जास्वंदीच्या औषधी गुणांबद्दल जे काही फिरत असतं, त्यातला निम्मा गोंधळ एकाच कारणाने होतो. दोन-तीन वेगवेगळ्या झाडांचे गुण एकाच झाडाच्या नावावर खपवले जातात. ‘जास्वंदीचा चहा रक्तदाब कमी करतो’ हे वाचून कुणी तुळशीवृंदावनाशेजारची लाल फुलं उकळून पितं आणि गुण आला नाही म्हणून झाडाला नावं ठेवतं. त्या चहाचं झाड वेगळंच असतं. म्हणून आधी झाडं नीट ओळखू, मग कृतीकडे वळू.

झाडं ओळखा

गोव्यात जिला दासवण म्हणतात ती दारातली लाल जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. पानं गडद, चकचकीत, कडेला दातेरी. फूल पाच पाकळ्यांचं आणि मधून बाहेर आलेला लांब दांडा. आयुर्वेदात हिला जपा म्हणतात. केसांसाठी, पूजेसाठी, सरबतासाठी आणि रंगासाठी हीच. औषधी कामाला साधी, एकेरी, गडद लाल फुलं घ्या. नर्सरीतली पिवळी, नारिंगी, दुहेरी संकरित फुलं दिसायला देखणी, पण फिकट फुलांत रंगद्रव्य कमी असतं, आणि दुहेरी फुलांच्या घडीत पावसाचं पाणी नि किडे अडकून बसतात. शिवाय ही नाजूक कलमं गोव्याच्या पावसात मुळाशी लवकर कुजतात.

दुसरी लाल अंबाडी, हिबिस्कस सबदारिफा. ही वर्षायू आहे. खोड लालसर, फूल फिकट पिवळं आणि घशाशी गडद तांबडं. फूल गळल्यावर बोंडाभोवती जे लाल, मांसल, आंबट आवरण वाढतं तेच दुकानात वाळवून ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळतं. बाजारात मागताना एवढं लक्षात ठेवा, की आमटीत घालायचे आंबाडे हे मोठ्या झाडाचं फळ असतं. अंबाडीशी त्याचं काही नातं नाही.

तिसरी खाडीकाठी आणि खाजनांच्या, म्हणजे खाडीलगतच्या खारट शेतजमिनींच्या बांधालगत वाढणारी पिवळ्या फुलांची. तिचं फूल सकाळी पिवळं उघडतं आणि संध्याकाळपर्यंत तांबूस होऊन गळतं. हिच्या आतल्या सालीचे पट्टे चिवट असतात. ओली साल सोलून आठवडा-दहा दिवस पाण्यात भिजवली की वरचा मऊ भाग सुटतो आणि उरलेल्या वाखाची दोरी वळता येते. वेल बांधायला, कुंपणाच्या काठ्या आवळायला एवढी पुरते. औषधासाठी हिच्या वाटेला जाऊ नका.

दारातली जास्वंद फुलती ठेवायची तर

फांदीवरून रोप करणं सोपं आहे. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की पेन्सिलएवढ्या जाड, तपकिरी होऊ लागलेल्या फांदीचा १५ ते २० सेंटीमीटरचा तुकडा घ्या. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा, नाहीतर मुळं फुटण्याआधीच पानं तुकड्यातलं पाणी उडवून टाकतात. अर्धी रेती, अर्धी माती अशा पिशवीत एकतृतीयांश पुरा आणि पागोळीपासून दूर, आडोशाला ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. वर कोंब दिसला म्हणून उपटून पाहू नका. कोंब साठवलेल्या अन्नावरही फुटतो. तुकडा खालून काळा पडत आला तर पाणी जास्त झालंय. पिशवीला आणखी भोकं पाडा आणि रेती वाढवा.

जमिनीत लावताना ४५ सेंटीमीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. आपल्या जांभ्याच्या जमिनीत वरची माती पातळ असते आणि खाली कातळ लागतो. पहार लावून तळ थोडा फोडल्याशिवाय झाड लावलं, तर जुलैत तो खड्डा म्हणजे पाण्याचं भांडं होतं. दोन घमेली कुजलेलं शेणखत मातीत मिसळून खड्डा भरा आणि माती वर थोडी उंच ठेवा. कुंपणासाठी रोपांत ६० सेंटीमीटर अंतर पुरतं, एकटं झाड असेल तर दीड मीटर.

पानं पिवळी पडण्याची दोन कारणं नेहमी एकमेकांत मिसळली जातात. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर मुळाशी पाणी साचतंय. नवी, शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्याच राहिल्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. सिमेंटच्या भिंतीला किंवा नव्या गिलाव्याला खेटून लावलेल्या झाडांचं असं होतं, कारण तिथली माती चुनकट होते. शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन वाढवा, आणि चुलीची राख अशा झाडाला अजिबात घालू नका. भिंतीपासून दूर, जांभ्याच्या आंबट मातीत मात्र महिन्यातून एक मूठ राख चालते. तिच्यातलं पालाश (पोटॅश) फुलांना उपयोगी पडतं.

जास्वंदीला फूल नव्या फांदीवरच येतं, म्हणून छाटणी हवीच. मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, एकतृतीयांश उंची कमी करून. नव्या फांदीवर कळ्या यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तेव्हा चतुर्थीला भरपूर फुलं हवी असतील तर हलकी छाटणी मे महिन्यातच उरका. भर पावसात केलेल्या जाड कापांतून फांदी मागे वाळत जाते.

कीड म्हणाल तर खरा शत्रू पिठ्या ढेकूण. शेंडे आवळल्यासारखे, मुरडलेले दिसले आणि बेचक्यात पांढरा कापूस दिसला की समजा. मुरडलेला शेंडा औषधाने सरळ होत नाही. तो कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. नुसता खाली टाकलात तर कीड परत वर चढते. मग १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि २ मिलिलिटर पातळ साबण घोटून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही फवारा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एका फवारणीत काम होत नाही, कारण अंडी मेणचट कापसात सुरक्षित राहतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती तोडा. पिठ्याचा गोड चिकटा खायला येणाऱ्या मुंग्याच त्याला फांदीवरून फांदीवर नेतात आणि राखतात. फवारणी केलेल्या झाडाची फुलं खायला घेऊ नका, नवी फूट येऊ द्या. नर्सरीतून आणलेल्या रोपाची फुलंही पहिले दोन-तीन महिने फक्त देवाला.

फुलं कधी आणि कशी तोडायची

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. खायला किंवा तेलाला घ्यायचं तर दव उतरल्यावर, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तोडा. पहाटे पूजा असेल तर आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणारी फुगलेली कळी तोडून कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढली की उमलते. तोडलेलं फूल पाण्यात ठेवलं काय आणि कोरडं ठेवलं काय, तेवढंच टिकतं.

खाण्यासाठी फक्त पाकळ्या. देठाकडचा हिरवा भाग आणि मधला परागांचा दांडा ओढून काढा. परागांनी काहींच्या घशाला खाज सुटते आणि हिरव्या भागाने चव तुरट होते. पावसाळ्यात फुलांवरून गोगलगायी फिरतात, म्हणून प्रत्येक पाकळी वाहत्या पाण्याखाली धुवा. हमरस्त्याच्या कडेची फुलं स्वयंपाकात नकोत.

पानांचा बुळबुळीत रस

केसांसाठी फुलापेक्षा पान जास्त कामाचं, हे जुन्या बायकांना माहीत होतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासातही उंदरांवर फुलाच्या अर्कापेक्षा पानाचा अर्क सरस ठरला होता. पण तो प्रयोगशाळेत रसायनाने काढलेला अर्क होता आणि प्रयोग प्राण्यांवर होता. टक्कल पडलेल्या जागी केस उगवतील अशी आशा घरच्या तेलाकडून ठेवू नये. केस मऊ राहणं, गुंता कमी होणं, टाळू कोरडी न पडणं, एवढं मात्र नक्की मिळतं.

जून झालेली, गडद अशी १५-२० पानं घ्या. कोवळ्या पानांत बुळबुळीतपणा कमी असतो. धुऊन हाताने फाडा, २०० मिलिलिटर साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि मग त्याच पाण्यात चुरगाळत राहा. पाच मिनिटांत पाणी घट्ट, तार धरणारं होतं. जुन्या मलमलच्या कापडातून पिळून गाळा. मिक्सरचा मोह टाळा. बारीक झालेला चोथा कापडातून निसटतो आणि केसांत अडकून दिवसभर झडत राहतो. पाणी गरमही नको, चिकटपणा पातळ होतो. केसांना लावून १५ मिनिटांनी धुवा. हा साबण नव्हे, भरपूर तेल चोपडलेलं असेल तर याने निघणार नाही. अशा वेळी रसात दोन चमचे शिकेकाईचं पाणी मिसळा. रस त्याच दिवशी संपवा. आपल्या हवेत तो संध्याकाळपर्यंत आंबतो.

तेल: इथेच सगळे चुकतात

जास्वंदीचं तेल म्हणून बहुतेक घरांत फुलं तळली जातात. कडकडीत खोबरेल तेलात ओली फुलं टाकायची, तडतडून काळी झाली की गाळायचं. यात पाकळ्या जळतात, आणि वरून करपलेल्या पण आत ओल्या राहिलेल्या तुकड्यांमुळे महिन्याभरात तेलाला खवट वास येतो.

आयुर्वेदातल्या तेलपाकाचं साधं प्रमाण १ भाग कल्क (वनस्पती वाटून केलेला लगदा), ४ भाग तेल, १६ भाग पाणी किंवा काढा असं आहे. पाणी घालण्यामागे कारण आहे. ते आटेपर्यंत भांड्यातलं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहतं, म्हणून वनस्पती न जळता सावकाश शिजते. घरच्या मापाने घ्यायचं तर २५० मिलिलिटर घाण्याचं खोबरेल तेल, ६० ग्रॅम कल्क आणि १ लिटर पाणी. साठ ग्रॅमसाठी १०-१२ फुलांच्या पाकळ्या आणि २५-३० पानं लागतात. दोन्ही पाट्यावर जाडसर वाटा.

पातेलं जाड बुडाचं आणि खोल हवं, कारण पानांच्या बुळबुळीतपणामुळे सुरुवातीला फेस चढतो आणि उथळ कढईतून उतू जातो. तिन्ही जिन्नस एकत्र करून मंद आचेवर ठेवा. दीड ते दोन तास लागतील. पहिला तास अधूनमधून हलवलं तरी चालतं. पाणी आटत आलं की मात्र तिथून हलू नका. कल्क तळाशी बसतो आणि दोन मिनिटांत करपतो.

तेल झालं हे कसं ओळखायचं? आधी बुडबुड्यांचा जाड, ओला आवाज बारीक होत जातो. मग तेलावर पुन्हा पांढरट फेस येतो. आता चमच्याने थोडा कल्क काढा, निववा आणि बोटांत वळा. बोटांना न चिकटता त्याची वात वळली पाहिजे. ती वात निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीला चिमट्याने धरा. चर्र आवाज आला तर पाणी शिल्लक आहे, आणखी पाच-सात मिनिटं ठेवा. आवाज न करता पेटली तर लगेच उतरवा. कल्क कडक होऊन चुरा व्हायला लागला तर पाक पुढे गेला. तेल टाकायची गरज नाही, पण वास करपट येईल.

कोमट असतानाच कोरड्या कापडातून गाळा. एक दिवस स्थिर ठेवून वरचं तेल कोरड्या काचेच्या बाटलीत ओता आणि तळाचा गाळ सोडून द्या. बाटलीत एक थेंब पाणी राहिलं तरी बुरशी धरते. असं तेल सहा महिने सहज टिकतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते गोठेल, खोबरेलच आहे ते. बाटली कोमट पाण्यात धरा, थेट गॅसवर नको.

तेलाचा रंग हिरवट येतो. लाल येत नाही, कारण पाकळ्यांचा लाल रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. लालभडक ‘जास्वंद तेल’ दिसलं तर तो रंग वेगळ्या कशाने तरी आलेला आहे असं खुशाल समजा.

सरबत

लाल जास्वंदीच्या पाकळ्यांना चव जवळजवळ नसते. सरबतात ती रंगासाठी असते. २० फुलांच्या पाकळ्या, ५०० मिलिलिटर पाणी, ५०० ग्रॅम साखर, चार लिंबं. पाणी उकळून गॅस बंद करा, मग पाकळ्या टाका आणि दहा मिनिटं झाका. पाकळ्या पांढुरक्या पडतात आणि पाणी जांभळट होतं. गाळून साखर घाला, विरघळेपर्यंत गरम करा. पूर्ण गार झाल्यावर लिंबाचा रस घाला, जांभळा रंग क्षणात लाल होतो. लिंबाऐवजी भिरंडाचं (कोकमाचं) आगळ, म्हणजे खारवलेला रस घातला तरी हाच बदल होतो आणि चव खरंतर जास्त चांगली लागते. आगळात मीठ असतं, म्हणून आधी दोन चमचेच घालून पाहा. भांडं स्टीलचं हवं. लोखंडात रंग काळपट पडतो. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतं.

अंबाडी: पेरणीपासून चहापर्यंत

बी जूनच्या पहिल्या पावसात, ओळीत ७५ ते ९० सेंटीमीटर अंतराने. पालेभाजी हवी असेल तर दीड महिन्यात शेंडे खुडा, झाड आणखी फुटतं. पानांची भाजी तर होतेच, पण माशाच्या हुमणात (आमटीत) कोकमसोलांच्या जागी चार पानं घालून पाहायलाही हरकत नाही.

फुलं दिवस लहान झाल्याशिवाय येत नाहीत, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास. म्हणून ऑगस्टच्या शेवटी पेरलेली अंबाडी गुडघ्याएवढी असतानाच फुलते आणि बोंडं मोजकी देते. रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात लावलेली झाडं उलट उशिरा फुलतात, कारण त्यांच्या लेखी रात्र झालेलीच नसते.

फूल गळल्यापासून दोन-तीन आठवड्यांत बोंड तोडा. हाताने मोडलं की कट्कन तुटलं पाहिजे. बी तपकिरी झालं असेल तर आवरण चिवट होतं. बोंड सोलायला जुन्या अँटेनाची किंवा तत्सम, बोंडाच्या देठापेक्षा थोडी रुंद नळी घ्या, देठाच्या बाजूने दाबून फिरवा. आतली बियांची गोळी वरून बाहेर पडते आणि लाल आवरण अख्खं राहतं. त्या गोळ्या फेकू नका. जॅम करताना त्या वेगळ्या उकळून ते पाणी घातलं तर जॅम चांगला धरतो.

वाळवताना सुपात एकेरी थर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. कडक उन्हात रंग उडतो. सूर्यास्तानंतर बाहेर ठेवलेलं वाळवण आपल्याकडे रात्रीच्या दमटपणात परत मऊ होतं, म्हणून रोज संध्याकाळी आत घ्या. चार-पाच दिवसांनी हातात कडकडून मोडलं की झालं. सोललेल्या १ किलोतून साधारण १०० ग्रॅम मिळतं. पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत इतर जिन्नस भराल तेव्हा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, याला थोडा वेळ कोवळं ऊन दाखवा आणि मगच बरणी घट्ट बंद करा.

एका कपाला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर उकळत्या पाण्याला सव्वा ग्रॅम वाळलेली अंबाडी, चमचाभर चुरा, सहा मिनिटं झाकून.

औषध म्हणून किती भरवसा ठेवायचा

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, किंचित वाढलेला रक्तदाब असलेल्या ६५ जणांपैकी अर्ध्यांनी असा चहा दिवसातून तीनदा, सहा आठवडे घेतला. वरचा रक्तदाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला. बनावट पेय घेणाऱ्यांचा १.३ने. परिणाम खरा आहे, पण माफक, आणि तो लाल अंबाडीचा आहे. चालू गोळी बंद करण्याइतका तो नक्कीच नाही.

रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच रोजचा चहा सुरू करा, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन चक्कर येऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडच्या गोळीसोबत नको. मलेरियासाठी क्लोरोक्विन दिलं असेल तर तेवढे दिवस अंबाडीचं सरबत आणि चहा पूर्ण बंद. त्याने औषध रक्तात कमी उतरतं. पेय आंबट असल्याने दातांना लागतं, प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा.

दारातल्या जास्वंदीच्या कळ्या दुधात वाटून अंगावर जास्त जाण्यावर देण्याची परंपरा आहे. पण जास्त रक्तस्रावामागे गाठीपासून थायरॉइडपर्यंत बरंच काही असू शकतं, तेव्हा आधी तपासणी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या फुलांचा गर्भधारणेवर विपरीत परिणाम दिसला आहे. गरोदर बायकांनी आणि दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्यांनी जास्वंद किंवा अंबाडी औषध म्हणून पोटात घेऊ नये. केसांना लावायला हरकत नाही. फुलांचा रस डोळ्यांत घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तो सरळ झटकून टाका.

बूट आणि कागद

काळ्या चामड्याच्या बुटावर दोन-तीन ताजी लाल फुलं चुरगाळून घासली आणि सुक्या फडक्याने पुसलं तर बरी चकाकी येते. तपकिरी बुटांवर डाग पडतात. कापड रंगवायचा खटाटोप मात्र नको. तुरटी लावूनही हा रंग उन्हात आणि धुण्यात उडतो.

शाळेतल्या मुलांसाठी याचा चाचणी-कागद छान होतो. दहा फुलांच्या पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा, टीपकागदाच्या पट्ट्या त्यात दोनदा बुडवून सावलीत वाळवा. लिंबू, भिरंडाचं पाणी, माडाचं व्हिनेगर यांत पट्टी गडद गुलाबी होते. पानाच्या चुन्याची निवळी आणि साबणाचं पाणी यांत हिरवी. ओल्या बोटांनी पट्टी धरू नका, घामानेही रंग बदलतो. उरलेल्या पट्ट्या काळ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. उजेडात त्या काही आठवड्यांत फिक्या पडतात आणि मग रंगातला फरक ओळखू येत नाही.